जाहिरातीत लिहिलं ते पार्सलमधून निघालं पाहिजे

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन दुकान आणि खरी जाहिरात

या वेळची बहुतेक पत्रं कोल्हापूर जिल्ह्यातून आली आहेत. चपला, गूळ, मसाला, कपडे, चांदी असे धंदे वेगवेगळे आहेत, पण सगळ्यांची चिंता एकच आहे : बाकीचे वाट्टेल ते लिहितात, मग आपण खरं लिहून गिऱ्हाईक मिळेल का? मिळतं, असं आमचं मत आहे. मात्र त्यासाठी नुसतं खोटं टाळून भागत नाही, नेमकं लिहावं लागतं. ‘उत्तम दर्जा’ हे वाक्य खोटं नसेलही, पण त्यातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. ‘म्हशीच्या चामड्याचा तळ, एका पायाचं वजन ३८० ग्रॅम’ यातून कळतं.

आमचं चपलांचं दुकान जुनं आहे. आता वेबसाइट आणि इन्स्टाग्रामवरूनही विकतो. पावसाळ्यासाठी रबरी तळाच्या चपलाही ठेवतो. सगळ्यांवर ‘अस्सल कोल्हापुरी, जीआय मानांकित’ लिहिलं तर चालेल का? शिवाय माप न बसल्यामुळे आणि ‘फोटोसारखी नाही’ म्हणून माल फार परत येतो.
— चप्पल लाईन, कोल्हापूर

सरसकट लिहिलेलं चालणार नाही, आणि तशी गरजही नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. वनस्पतींनी कमावलेलं चामडं आणि हातकाम हा या मानांकनाचा पाया आहे. नुसतं आठ जिल्ह्यांत दुकान असून चालत नाही. मानांकनाचं चिन्ह लावायचं तर चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवावं लागतं. मानांकन खोटं लावलं तर १९९९ च्या कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने याच घाटाच्या चपला दाखवल्या आणि त्या आल्या कुठून हे सांगितलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. तोच न्याय आपल्या मालालाही लागू आहे.

रबरी तळाची चप्पल काही कमअस्सल नाही. पावसात तीच कामाला येते. फक्त तिच्या नावातच लिहा : ‘कोल्हापुरी घाटाची, वर चामडं, तळ रबरी, पावसाळी वापरासाठी’. खाली बारीक अक्षरात लिहाल तर कोणी वाचणार नाही, आणि पार्सल उघडल्यावर तुम्ही फसवलंत असंच वाटेल. कापशी, कचकडी, बक्कलनाळी असे जे प्रकार असतील त्यांची नावंही नीट लावा. मुंबईच्या गिऱ्हाइकाला फरक माहीत नसतो, म्हणून प्रत्येक प्रकाराखाली दोन ओळींत तो सांगा.

वर्णनात पुढच्या गोष्टी हव्यातच : तळाचं चामडं म्हशीचं की आणखी कशाचं, पट्ट्याचं कशाचं, शिवण चामड्याच्या वादीची की नायलॉनच्या दोऱ्याची, खिळे आहेत की नाहीत, रंग कसला, एका पायाचं वजन किती. नायलॉनचा दोरा असेल तर नायलॉन लिहा. ‘हातकाम’ लिहायचं असेल तर कोणतं काम हातानं होतं तेही सांगा. तळ यंत्रावर कापून वेणी आणि शिवण हातानं केली असेल तर नेमकं तेवढंच लिहावं. माहितगार गिऱ्हाइकाला हे आवडतं, आणि पुन्हा खरेदीला येणारा तोच असतो.

आता परतीबद्दल. माप ६, ७, ८ असं देऊन भागत नाही, कारण प्रत्येक कारागिराचा फर्मा (साचा) वेगळा असतो. प्रत्येक मापासमोर तळाची आतली लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये द्या. गिऱ्हाइकाला सांगा : संध्याकाळी, पाय थोडे फुललेले असताना, कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत खूण करून मोजा, आणि दोन पायांत फरक असेल तर मोठा पाय धरा. अंगठ्याजवळ घट्ट वाटणं म्हणजे माप चुकलं असं नव्हे, हेही लिहा. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, मग चामडं सैल होऊन पायाला बसते. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी परत पाठवतं.

‘फोटोसारखी नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा रंगाची असते. वनस्पतींनी कमावलेलं चामडं तेल, घाम आणि उजेडानं गडद होत जातं, आणि दोन तुकड्यांच्या रंगात मुळातच फरक असतो. फोटो उन्हात किंवा पिवळ्या दिव्याखाली काढू नका. दिवसा सावलीत, फिल्टर न लावता काढा. एक फोटो तळाचा, एक शिवणीचा जवळून, एक हातात धरलेला आणि एक महिनाभर वापरलेल्या जोडाचा द्या. तो वापरलेला जोड दाखवायला दुकानदार बिचकतात, पण परत येणारा माल त्यानंच कमी होतो. पाण्याची सूचनाही वरच हवी : भिजली तर चामडं फुगतं, उन्हात वाळवलं तर कडक होऊन तडकतं, म्हणून सावलीत वाळवावं आणि वरून थोडं तेल लावावं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी ऑनलाइन विक्रीत सगळीकडे चालत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही.

मी इचलकरंजीहून कापड आणून कुर्ते शिवून घेते आणि ९०० रुपयांना विकते. शेजारची पानं ‘मूळ किंमत ३,०००, आज ७० टक्के सूट’ लिहितात, खाली उलटी मोजणी करणारं घड्याळ असतं. मीही तसं करावं का?
— राजारामपुरी

नका करू. ३,००० ला जो कुर्ता कधी विकलाच नाही, त्याची ‘मूळ किंमत’ ३,००० लिहिणं ही दिशाभूल करणारी जाहिरात आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. संपून परत पहिल्यापासून सुरू होणारं घड्याळ आणि ‘फक्त दोन शिल्लक’ची खोटी पट्टी हेही आता स्पष्टपणे बंद आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या वेबसाइटच्या १३ युक्त्या नावानिशी दिल्या आहेत, त्यात खोटी घाई ही एक आहे. वेबसाइटच्या तयार साच्यात अशी पट्टी आपोआप चालू असते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा किंवा खऱ्या साठ्याला जोडा. ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

पण कायद्याच्याही आधी स्वतःचा हिशोब मांडा. समजा कुर्ता शिवून तयार होईपर्यंत ५६० रुपये खर्च येतो, कुरिअर ७०, एका ऑर्डरमागे जाहिरात १२०, ऑनलाइन पैसे घेण्याचा आकार दोन टक्के म्हणजे १८. ९०० मधून हे गेलं की १३२ रुपये उरतात. आता दहा टक्के सूट द्या. किंमत ८१०, पैसे घेण्याचा आकार १६, बाकी खर्च तोच. हातात राहतात ४४. म्हणजे दहा टक्के सुटीत तेवढाच नफा मिळवायला तिप्पट कुर्ते विकावे लागतील. फुगवलेल्या किमतीवरची सूट देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, म्हणून तो वर्षभर देऊ शकतो. तुमची किंमत खरी आहे, तेव्हा सूटही जपून द्यावी लागते.

सूट द्यायचीच असेल तर कारण सांगून द्या : ‘या रंगाचे १४ नग उरले आहेत, नवं कापड आलं आहे, म्हणून ९०० ऐवजी ८१०, ३१ तारखेपर्यंत.’ आणि १ तारखेला किंमत खरोखर ९०० करा. ‘मूळ किंमत’ म्हणून तोच आकडा लिहा ज्या किमतीला गेल्या महिन्याभरात तुम्ही माल विकला आहे आणि ज्याची बिलं तुमच्याकडे आहेत. सूट सुरू होण्याआधी त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे कोणी विचारलं तर हाच कागद दाखवता येतो.

सुटीऐवजी दुसरं काही देता येईल का, तेही पाहा. ‘लांबी कमी करून देतो, पैसे नाहीत’ ही सेवा तुमच्या शिवणाऱ्या बाईंना दहा मिनिटांची आहे, पण गिऱ्हाइकाला ९० रुपयांच्या सुटीपेक्षा मोठी वाटते.

कुर्त्यांचे फोटो एआयवर मॉडेल घालून बनवले तर चालतील का?
— ताराबाई पार्क

मागची भिंत, पडदा, उजेड बदलायला हरकत नाही. कुर्ता मात्र खऱ्या फोटोतलाच राहिला पाहिजे. एआय कापडाला नसलेली चमक देतो, नक्षी सरळ करतो, लांबी आणि घेर बदलतो. पहिला फोटो तसा ठेवलात तर खाली ‘मॉडेल संगणकावर बनवलेलं आहे’ असं लिहा, आणि पुढचे सगळे फोटो कापडाचे खरे द्या. त्यांत एक पट्टी लावून मोजमाप दाखवणारा आणि एक आतल्या शिवणीचा असावा.

आम्ही घरी कांदा-लसूण मसाला करून ऑनलाइन विकतो. एका एजन्सीने पैसे घेऊन ५०० चांगले रिव्ह्यू टाकून देतो म्हटलं. आमच्याकडे ११ आहेत, त्यातले दोन वाईट. काय करावं?
— कसबा बावडा

एजन्सीला नाही म्हणा. गिऱ्हाईक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचा रिव्ह्यू लिहिणं किंवा लिहून घेणं ई-कॉमर्स नियमांत विक्रेत्याला थेट मनाई आहे. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानकही २०२२ पासून आहे. शिवाय असे रिव्ह्यू ओळखू येतात. एकाच आठवड्यात पडलेले, सगळे पाच तारे, आणि कोणी भाजीचं नाव घेत नाही. खरं गिऱ्हाईक लिहितं ‘तांबड्या रश्श्याला एक चमचा पुरला’, नाहीतर ‘मीठ जास्त आहे, भाजीत वरून घालू नका’.

अकरा खरे रिव्ह्यू ही चांगली सुरुवात आहे. ते वाढवायचे तर विचारायची वेळ साधा. पार्सल पोचल्याच दिवशी विचारलंत तर फक्त ‘पॅकिंग छान’ एवढंच मिळेल. मसाला दोन-तीनदा वापरून होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा-बारा दिवस थांबा आणि असा निरोप पाठवा : ‘मसाला कशात वापरलात? तिखट, मीठ, वास यांपैकी काय जमलं, काय नाही? दोन ओळी इथे लिहाल का?’ हा निरोप सगळ्यांना जायला हवा. आधी फोनवर खूश आहेत का पाहायचं आणि फक्त खूश लोकांनाच लिंक द्यायची, ही पद्धत गूगलच्या नियमांत बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा फुकट पाकीट देणंही बसत नाही.

वाईट रिव्ह्यू हा तर तुमचा खरेपणा दाखवायची जागा आहे. समजा कोणी लिहिलं, ‘वास नाही, पैसे वाया गेले.’ त्याखाली ‘आमचा मसाला एक नंबर आहे, तुम्हीच नीट ठेवला नसेल’ असं लिहू नका. आधी बॅच पाहा, मग लिहा : ‘तुमची बरणी एप्रिलमध्ये डंकावर कुटलेल्या मालाची होती आणि तुम्हाला ती सप्टेंबरात गेली. एवढ्या दिवसांत वास उतरतो. नव्या बॅचची २०० ग्रॅमची बरणी पाठवू की पैसे परत करू, सांगा. यापुढे कुटल्याची तारीख बरणीवर समोर छापतो.’ नंतर ती खरंच छापा. बदली बरणी देताना ‘रिव्ह्यू काढून टाका’ अशी अट घालू नका. ठेवायचा की काढायचा, हे त्या माणसालाच ठरवू द्या.

हे सांगायचं कारण, मसाल्याच्या तक्रारी ठरलेल्याच असतात : तिखटपणा, मीठ, तेल आणि वास. चारही गोष्टी पानावर आधीच लिहिता येतात. कोणत्या मिरच्या आणि कोणत्या प्रमाणात, १०० ग्रॅममध्ये मीठ किती, तेल कोणतं, कुटल्यापासून किती महिन्यांत संपवावा. ‘मध्यम तिखट’ कोल्हापुरात वेगळं आणि ठाण्यात वेगळं असतं. म्हणून ‘चार माणसांच्या रश्श्याला एक सपाट चमचा, तिखट कमी खाणाऱ्यांनी अर्धा’ असं लिहा. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक बरणीवर आणि वेबसाइटवर दोन्हीकडे दिसू द्या.

बरणीवर २०० ग्रॅम लिहिताना बरणीचं वजन धरायचं का? आणि पानावर काय काय लिहिणं सक्तीचं आहे?
— कळंबा

धरायचं नाही. २०० ग्रॅम म्हणजे फक्त मसाला. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंवा किलोची किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे २०११ च्या वजनमापे नियमांप्रमाणे लागतं. ऑनलाइन विकताना यातला उत्पादनाचा महिना सोडून बाकी पानावरही दिसायला हवं. वजन करताना काटा रोज शून्यावर आणा आणि २०२-२०३ ग्रॅम भरा. १९७ भरलेली एक बरणी कोणी घरच्या काट्यावर ठेवली तर इतर सगळ्या दाव्यांवरचा विश्वास जातो.

आम्ही तीन-चार गुऱ्हाळांतून गूळ घेऊन ऑनलाइन विकतो. ‘१०० टक्के केमिकल-फ्री, सेंद्रिय, मधुमेहींना चालणारा’ असं लिहितो. स्पर्धक तर याहून जास्त लिहितात.
— शाहूपुरी

या पत्रातली शेवटची गोष्ट आधी घेतो, कारण ती माणसाच्या जिवाशी जोडलेली आहे. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. त्यात थोडी खनिजं असतात म्हणून रक्तातली साखर वाढायची थांबत नाही. ‘मधुमेहींना चालणारा’ वाचून एखाद्या आजोबांनी सकाळ-संध्याकाळ गुळाचा चहा सुरू केला तर त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. ही ओळ आजच काढा. मधुमेह बरा करण्याचे दावे तर १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानेच बंद आहेत. गूळ चवीसाठी विका, तो चवीवर विकला जातो.

‘१०० टक्के’बद्दल : मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर आणि जाहिरातींत हा शब्दप्रयोग टाळायला सांगितलं आहे, कारण नियमांत त्याची व्याख्या नाही आणि बाकीचा माल भेसळीचा असं त्यातून सूचित होतं. ‘सेंद्रिय’ लिहायला एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय प्रमाणन योजनांपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. शेतकरी म्हणतो ‘मी खत घालत नाही’, तेवढ्यावर ते लिहिता येत नाही.

‘केमिकल-फ्री’ हा तर सिद्धच न होणारा दावा आहे. रस निवळायला चुना घातला तर तोही रसायनच. त्यापेक्षा काय घातलं आणि काय नाही ते लिहा. गुळव्याला विचारा : मळी काढायला रानभेंडी वापरली का? चुना किती? रंग उजळायला हायड्रोस (गंधकयुक्त रसायन) घातलं का? त्याचं उत्तर लिहून घ्या, सही घ्या, आणि हायड्रोस नाही म्हणत असेल तर त्या आदणाचा (एका वेळी कढईत शिजलेल्या गुळाचा) नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सल्फर डायऑक्साइडसाठी तपासून घ्या. साखर मिसळल्याची शंका असेल तर तेही विचारा. मग पानावर लिहा : ‘मळी रानभेंडीने काढली आहे. हायड्रोस वापरलेलं नाही. या आदणाचा तपासणी अहवाल खाली आहे.’ ही ओळ ‘केमिकल-फ्री’पेक्षा लांब आहे, पण ती खरी ठरते.

तीन-चार गुऱ्हाळांचा माल एकत्र करून एका अहवालावर विकू नका. इथेच बहुतेक जण घसरतात. अहवाल एका आदणाचा असतो आणि माल वर्षभराचा. गुळाच्या प्रत्येक रव्याला (ढेपेला) गुऱ्हाळाचं गाव आणि तारीख यांची चिठ्ठी लावा, पाकिटावर तोच बॅच क्रमांक टाका, आणि अहवाल त्या बॅचपुरताच दाखवा. सगळ्या आदणांची तपासणी परवडत नसेल तर ज्यांची केली नाही त्यांच्यावर दावा न करता विका. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं आहे, तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यातला गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून त्यात मिसळायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

गिऱ्हाइकाला रंगही समजावून द्या. हायड्रोस न घातलेला गूळ पिवळाधमक दिसत नाही, आणि ठेवल्यावर आणखी गडद होतो. पावसाळ्यात हवेतली ओल ओढून त्याला पाणी सुटतं. फोडलेल्या रव्याचा फोटो द्या, आणि शक्य असेल तर ताजा आणि चार महिन्यांचा असे दोन शेजारी ठेवून काढा. त्याखाली ‘हवाबंद डब्यात ठेवा’ लिहा. काळपट दिसला म्हणून गूळ परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाची त्यात चूक नसते. पिवळा म्हणजे चांगला, हे त्याला बाजारानंच शिकवलं आहे.

इन्स्टाग्रामवर रील करणाऱ्या एका मुलीला आम्ही पैसे दिले नाहीत, फक्त साडी दिली. तरी जाहिरात म्हणून सांगावं लागतं का? आणि माझ्या वहिनीनं कौतुक केलं तर?
— शिवाजी पेठ

दोन्हीकडे सांगावं लागतं. फुकट वस्तू, प्रवास, सूट, नातं, नोकरी यांतलं काहीही असलं तरी ते उघड करावं, असं ग्राहक व्यवहार खात्याच्या जानेवारी २०२३ च्या सूचनांत आहे. रील मराठीत असेल तर सूचनाही मराठीत : ‘जाहिरात’ किंवा ‘ही साडी दुकानाने दिली आहे’. ती व्हिडिओवरच, सुरुवातीला, वाचता येईल इतका वेळ दिसू द्या. वीस हॅशटॅगांच्या मागे टाकलेली चालत नाही. थेट प्रक्षेपण असेल तर ती पूर्णवेळ दिसली पाहिजे. रील करणारीशी ठरवतानाच हे लिहून घ्या, आणि तिनं साडी नेसून, धुऊन पाहिल्याशिवाय ‘रंग जात नाही’ असं तिच्या तोंडी घालू नका.

व्हॉट्सअॅपवर ऑफर पाठवण्यासाठी नंबरांची यादी विकत मिळते. घ्यावी का?
— गडहिंग्लज

घेऊ नका. ज्यांनी तुम्हाला नंबर दिला नाही ते ब्लॉक करतात, स्पॅम म्हणून कळवतात, आणि काही दिवसांत तुमचा धंद्याचाच नंबर बंद पडतो. जुनी गिऱ्हाइकं, ऑर्डरी, पत्ते सगळं त्या नंबरावर असतं.

संमतीनं यादी करायला वेळ लागतो, पण ती टिकते. पार्सलमध्ये छोटी चिठ्ठी टाका : ‘नवीन माल आल्यावर महिन्यातून दोनदा निरोप हवा असेल तर या नंबरावर “हो” पाठवा. नको झालं की “बंद” पाठवा.’ ‘हो’ आलेल्याची तारीख वहीत लिहा, ‘बंद’ आल्या दिवशी नाव काढा, आणि दोनदा म्हटलं तर दोनदाच पाठवा. साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोचतो. ही मर्यादा गैरसोयीची वाटते, पण त्यामुळे उगाच कोणाला त्रास होत नाही. गिऱ्हाइकांना ग्रुपमध्ये घालू नका. तिथे प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि बायकांना अनोळखी फोन येऊ लागतात. वेबसाइटवर ‘मला ऑफर पाठवा’ची चौकटही आधीच टिक करून ठेवू नका. खरेदीची संमती अशी आधीच टिक करून घेणं तर ई-कॉमर्स नियमांतच बसत नाही.

‘फ्री डिलिव्हरी’ लिहितो, पण कॅश ऑन डिलिव्हरीचे ५० रुपये शेवटच्या पानावर लागतात. गिऱ्हाईक तिथूनच परत जातं.
— जयसिंगपूर

जाणारच. किंमत टप्प्याटप्प्यानं वाढवत नेणं ही वर कुर्त्यांच्या उत्तरात सांगितलेल्या १३ युक्त्यांपैकीच एक आहे. ५० रुपये मालाच्या पानावर, किमतीच्या लगेच खाली लिहा : ‘आधी पैसे भरल्यास ८५०, घरी आल्यावर दिल्यास ९००.’

कुरिअरचा खर्च खोक्यातही वाचतो. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावर पैसे घेतात. चपलेचा जोड ९०० ग्रॅमचा, पण खोकं ३२ × २२ × १२ असेल तर वजन धरलं जातं १.६९ किलो, म्हणजे दोन किलोचा दर. एकावर एक ठेवून ३० × १६ × १० च्या खोक्यात घातला तर ०.९६, म्हणजे एक किलोचा दर. तेवढे पैसे वाचले तर ‘फ्री’ खरंच फ्री ठेवता येतं, किंमत न फुगवता.

हुपरीच्या पैंजणांना ‘शुद्ध चांदी’ म्हणता येईल का?
— हुपरी

टंच, म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, लिहा. ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, ८०० म्हणजे ८००. पैंजणाला कणखरपणा हवा म्हणून मिश्रण लागतंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. टंच, डागाच्या (सांधा जोडलेल्या) जागी काय वापरलं, एका जोडाचं ग्रॅममध्ये वजन आणि मजुरी वेगळी दाखवा. हॉलमार्क असेल तर त्याचा जवळून फोटो द्या. परत घेताना कोणत्या टंचाने हिशोब धरणार, तेही विक्रीच्याच दिवशी बिलावर लिहा. चांदीतली भांडणं बहुतेक तिथेच होतात.

एकट्यानं चालवलेल्या वेबसाइटलाही तक्रार अधिकारी लागतो का?
— कागल

लागतो, आणि तो तुम्ही स्वतः असू शकता. नाव, फोन आणि ईमेल वेबसाइटवर द्या. तक्रार आल्यापासून ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. एक साधी वही ठेवा : तारीख, ऑर्डर क्रमांक, तक्रार, काय केलं, कधी मिटलं. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर गेलं तर तुमच्याकडून हीच माहिती मागितली जाईल. महिन्याच्या शेवटी वही चाळा. एकच तक्रार तीनदा दिसली तर मालाच्या पानावरची कोणती ओळ बदलायची, ते तिथेच लिहिलेलं असतं.